धाप कशाची?

पुणे, जानेवारी. सकाळचे साडेआठ वाजलेत तरी उन्हात ऊब नाही. रुग्णालयाच्या मागच्या अंगणात एरवी चादरी वाळत असतात. आज मावशींनी दोऱ्या सोडून गुंडाळून ठेवल्यात. मोकळ्या झालेल्या फरशीवर एक तरुण निवासी डॉक्टर खडूनं रेघ ओढतो, पावलं मोजत पलीकडे जातो आणि तिथे दुसरी रेघ ओढतो. भिंतीलगतच्या बाकावर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, वाफेचं मशीन, बोटाला लावायचा चिमटा, स्टॉपवॉच आणि कुणीतरी आणलेला तिळगुळाचा डबा.

बाकाच्या दोन टोकांना दोन मुलगे बसलेत. एक दहा वर्षांचा, पिवळ्या स्वेटरमधला. त्याच्यासोबत आई आणि आजी. दुसरा अकरा वर्षांचा, शाळेच्या ट्रॅकसूटमध्ये, त्याच्याबरोबर वडील. ते शाळेची व्हॅन चालवतात आणि आजची फेरी मेहुण्याच्या गळ्यात मारून आलेत. दोन्ही मुलं अंगानं चांगलीच भरलेली. ती एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघतायत. दोघांच्या फायलीवर एकच शब्द आहे: दमा. तक्रारही एकच. जिना चढला की धाप, खेळायला गेला की धाप.

"धाप दोघांना लागते," डॉक्टरबाई मला म्हणतात, "पण कशाची लागते ते नुसतं बघून मलाही सांगता येत नाही. म्हणून पळवायचं."

मी वही घेऊन कोपऱ्यात उभा आहे. परवानगी देताना बाईंनी एकच अट घातली आहे: कुठल्याही मुलाला 'वजन किती रे तुझं' असं विचारायचं नाही. वजनकाटाही त्यांनी पडद्याआड हलवलाय. पूर्वी तो व्हरांड्यात असायचा. एक सिस्टर आकडा मोठ्यानं सांगायची, दुसरी लिहून घ्यायची आणि रांगेतले सगळे ऐकायचे. आता आकडा चिठ्ठीवर येतो. पिवळ्या स्वेटरची उंची १४० सेंटिमीटर, वजन ५२ किलो. ट्रॅकसूटची १४६ आणि ५८. म्हणजे बीएमआय साधारण साडेसव्वीस आणि सत्तावीस.

मोठ्या माणसाचा आकडा मुलाला लावता येत नाही, म्हणून बाई भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली काढलेला हा तक्ता. त्यातली सगळ्यात वरची रेघ मोठेपणीच्या २७ बीएमआयच्या वळणावर जाते. परदेशी तक्त्यांत ती ३० च्या वळणावर असते. आपली खाली, कारण आपल्याकडे कमी वजनातही चरबीचा वाटा मोठा. पुण्याला हे नवं नाही. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. इथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं. इंग्लंडच्या बाळापेक्षा ते मांसानं फार कमी भरलं, चरबीनं मात्र तितकं कमी नाही. दोन्ही मुलांचे ठिपके वरच्या रेघेच्याही वर पडतात. बाई बोट उचलतात आणि काही न बोलता बाहेर येतात.

"काल रात्रीपासून पंप दिला नाही ना?"

"नाही दिला बाई," आजी सांगते. "रात्रभर मीच जागी. मधेच खोकला की उठून बसायची."

प्लॅस्टिकची एक नळी, तिच्यावर आकडे आणि एक सरकता काटा. हा पीक फ्लो मीटर. पूर्ण श्वास भरून एका झटक्यात जोरानं फुंकायचं, तीनदा, आणि त्यातला सगळ्यात चांगला आकडा घ्यायचा. पिवळा स्वेटर पहिल्यांदा गाल फुगवून फुंकतो. निवासी डॉक्टर स्वतः करून दाखवतो. मग नीट येतं: २८०. ट्रॅकसूट ३००. दोघांच्या छातीला आळीपाळीनं स्टेथोस्कोप लागतो. स्वच्छ आहे. बोटाच्या चिमट्यावर ९८. पळायला हरकत नाही.

ही सकाळ मुद्दाम निवडली आहे. पळताना मूल तोंडानं श्वास घेतं. नाकात हवा ओलसर आणि कोमट होऊन आत जाते, तोंडावाटे ती तशीच जाते. थंड, कोरडी हवा वेगानं आत-बाहेर झाली की श्वासनलिकांचं अस्तर कोरडं पडतं, तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडतात आणि दमा असलेल्या मुलाच्या नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. आषाढातल्या दमट हवेत हीच चाचणी फसवू शकते.

"सहा मिनिटं. थांबायचं नाही. पहिल्या दोन मिनिटांत वेग धरायचा, मग तो सोडायचा नाही. मी बरोबर पळतोय," निवासी डॉक्टर सांगतो. मुलांनी एकदम नाही, एकामागून एक पळायचं ठरलंय, पण ट्रॅकसूट म्हणतो, "याच्याबरोबरच पळतो ना," आणि बाई क्षणभर विचार करून दुसऱ्या एका डॉक्टरलाही बोलावून घेतात.

स्टॉपवॉच टिकटिकतं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत शर्यत लागते. दोघंही हसतायत. आजी "सावकाश रे सोन्या" म्हणत राहते आणि आई तिला गप्प करते. दुसऱ्या मिनिटाला हसणं संपतं. तिसऱ्याला ट्रॅकसूटचा चेहरा घामानं निथळतो, पोट आणि छाती वेगवेगळ्या तालात हलायला लागतात. त्याच्या नाडीचा आकडा १८० च्या आसपास आहे आणि बाईंना तो तिथेच हवाय. बरोबर पळणाऱ्या निवासी डॉक्टरचंही फार बरं चाललेलं नाही. रात्रीची ड्यूटी करून आलाय. स्वयंपाकघराच्या दारातून एक आचारी "पळ रे भीमा!" असं ओरडतो आणि बाई त्याच्याकडे अशा काही बघतात की दार लागतं.

"थांबा!"

आता जे दिसतं ते कुणालाही फसवेल. ट्रॅकसूट गुडघ्यांवर हात टेकून वाकलाय, श्वास दहा फुटांवर ऐकू येतोय, कानाच्या पाळ्या लाल झाल्यात. वडील पुढे धावतात. खिशातून निळा पंप निघालाच. "बघा मॅडम, असंच होतं. मारू का दोन?" पिवळा स्वेटर मात्र बाकावर बसून तिळगुळाच्या डब्याकडे बघतोय. धाप त्यालाही आहे, पण एवढी नाही.

"पंप खिशात ठेवा, दादा. आधी फुंकू दे."

ट्रॅकसूट फुंकतो: ३००. पिवळा स्वेटर: २७०.

मग वाट बघायची. पाच मिनिटांनी पुन्हा, दहानं पुन्हा, पंधरानं पुन्हा. हे वाट बघणंच खरी चाचणी आहे, असं मला हळूहळू कळतं. पळून आलेली नुसती दमछाक थांबल्याबरोबर उतरायला लागते. दम्यातलं आवळणं उलट थांबल्यावर चढतं आणि पाच ते दहा मिनिटांत टोकाला पोचतं. म्हणून मैदानावर पडलेला मुलगा 'अजून बरं वाटत नाही' म्हणतो, तेव्हा त्याला नाटकी ठरवण्याची चूक मास्तर करतात. त्याच्या शेजारी मोठमोठ्यानं धापा टाकणाऱ्याला मात्र पाणी मिळतं, वारा घातला जातो.

या पाच मिनिटांत आजीला बोलायचं आहे. तिला काय काय बंद केलंय ते सांगायचंय. "केळं बंद. पेरू बंद. दही, ताक तर नावच नको. काकडी थंड, संत्रं आंबट. द्राक्षं आणली तर त्याचा बापच खातो. सगळं पथ्य पाळतो आम्ही, बाई."

"मग खातो काय?"

"खातो ना. सकाळी दुधात ती ताकदीची पावडर, वर खारी. शाळेत पोळीचा रोल. आल्यावर टोस्ट नाही तर बिस्किटं. कोरडं आहे ना, कफ होत नाही."

बाई हसत नाहीत. ही यादी त्यांना पाठ आहे. मराठी घरात दम्याचं निदान झालं की पहिल्यांदा फळं आणि दही घराबाहेर जातात. मैदा, साखर आणि वनस्पती तूप यांना मात्र कुणी हात लावत नाही. मग संध्याकाळचा खेळ जातो. धूळ असते, घाम येतो, वारा लागतो. दोन वर्षांनी जे मूल उरतं ते पथ्यानं वाढलेलं असतं. एखाद्या मुलाला खरोखर एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असते, ती तपासून ठरवता येते. पण केळ्यानं दमा होतो ही समजूत इतक्या घरांत इतक्या खात्रीनं सांगितली जाते, की बाई आता वाद घालत नाहीत. "आजी, एक केळं द्या आणि दोन खाऱ्या काढा. महिनाभर. काही झालं तर मला शिव्या द्या."

पाच मिनिटं झाली. ट्रॅकसूट: ३००. तो आता पाय हलवत बसलाय, श्वास जवळपास शांत. पिवळा स्वेटर: २२०.

तो खोकतो. कोरडा, बारीक. आजीचं बोलणं थांबतं.

दहा मिनिटांनी २०५. म्हणजे पाव हिश्शाहून जास्त घट. या नळीवर १५ टक्के घट झाली तरी बाई सावध होतात. त्या स्टेथोस्कोप त्याच्या पाठीला लावतात, मग तो कानातून काढून माझ्या हातात देतात. श्वास सोडताना बारीक शिटीसारखा आवाज, एक नाही, अनेक, वेगवेगळ्या पट्टीतले. बाहेरून यातलं काहीही ऐकू येत नाही. मुलगा फक्त खांदे थोडे वर घेऊन बसलाय.

स्पेसरच्या नळकांड्याला पंप लागतो. हलवायचा, दाबायचा, संथ श्वास घ्यायचे, पुन्हा दाबायचा. आईचा हात सराईत आहे; फक्त प्रत्येक वेळी पंप हलवायला ती विसरते आणि सिस्टर तो तिच्या हातातून घेऊन हलवून परत देते. पाव तासानं आकडा २७५.

"याला दमा आहे," बाई म्हणतात. "पक्का."

"आणि जाड आहे म्हणून नाही ना?" आई विचारते. प्रश्न विचारताना ती मुलाकडे बघत नाही. सासू शेजारी आहे, आणि घरात यावरून काय काय बोललं जातं ते त्या एका वाक्यात ऐकू येतं.

बाई तिला आत घेऊन जातात. तपासणीच्या खोलीत गोष्ट बाहेर पडते. रोज घ्यायचा तपकिरी पंप गेल्या दिवाळीत आईनं बंद केला होता. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं की त्यात स्टिरॉइड असतं आणि त्यानं पोरं फुगतात. मुलगा तर आधीच फुगत होता. पंप बंद झाल्यावर फटाक्यांच्या धुरात ॲटॅक आला, रात्री कॅज्युअल्टी, मग पाच दिवस सिरप. महिन्यानं पुन्हा तेच. नंतर पुन्हा एकदा.

"त्या पंपात दिवसाला २०० मायक्रोग्रॅम औषध होतं," बाई कागदावर लिहितात. "त्या सिरपमधून दिवसाला ४० मिलिग्रॅम गेलं. म्हणजे चाळीस हजार मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, हा हिशेब तंतोतंत नाही; पण पंप फुफ्फुसात जातो आणि सिरप सगळ्या अंगात. भूक त्यानं खवळते. पंपाला घाबरून तुम्ही जे टाळलंत तेच घरात आणलंत." मग आईचा चेहरा बघून त्या जरा थांबतात. "तुमची चूक नाही. मेसेज पाठवणाऱ्यानं रात्री तुमच्याबरोबर कॅज्युअल्टीत यायला हवं होतं."

दमा आधी की वजन आधी, हा वाद संशोधकांतही बरीच वर्षं चालला. उत्तर दोन्हीकडून येतं. अमेरिकेत जेसन लँग आणि सहकाऱ्यांनी पाच लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या. २०१८ साली त्यांनी लिहिलं की लठ्ठ मुलांमध्ये नव्यानं होणाऱ्या दम्यापैकी जवळपास पाव हिस्सा वजनाच्या खाती जातो. त्याच्या आदल्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियातला एक अभ्यास उलट्या टोकानं निघाला होता. पाच ते आठ वर्षांची, लठ्ठ नसलेली मुलं घेतली आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना आधीच दमा होता ती लठ्ठ होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी जास्त भरली. त्यातली एक गोष्ट मला या खोलीत बसून जास्त महत्त्वाची वाटते: धाप लागल्यावर घ्यायचा पंप वापरणाऱ्या मुलांमध्ये ही शक्यता कमी होती. का, ते त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. बाईंना मात्र अंगणात रोज दिसतं. ज्याचा श्वास ताब्यात आहे तो खेळतो.

बाहेर ट्रॅकसूटचे वडील अस्वस्थ आहेत. मुलाचा आकडा हललाच नाही हे त्यांना कळलंय, पण त्याचा आनंद करावा की अपमान मानावा ते ठरत नाहीये. "दोन वर्षं पंप देतोय मॅडम आम्ही. ॲटॅक आला की मी व्हॅन अर्ध्यावर सोडून पळत जातो. आणि आता म्हणायचं, नुसता जाडेपणा?"

"'नुसता' कुणी म्हणालं?"

त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसतात. फुफ्फुसांतल्या बारीक नळ्यांना स्वतःची ताठ भिंत नसते. आजूबाजूच्या ऊती त्यांना चहूबाजूंनी ओढून उघड्या ठेवतात, तंबूला दोऱ्या ठेवतात तशा. पोटाचा घेर वाढला की श्वासपटल वर ढकललं जातं, छातीवरची चरबी बरगड्यांना पुरतं फुलू देत नाही. श्वास सोडल्यावर फुफ्फुसात जेवढी हवा उरायला हवी तेवढी उरत नाही. मग दोऱ्या सैल पडतात आणि नळ्या मुळात आजारी नसूनही अरुंद होतात. "त्याची धाप खोटी नाही, दादा. त्याला खरंच त्रास होतो. फक्त तुमचा निळा पंप जे सोडवतो ते त्याच्यात आवळलेलंच नाही. आज तरी नाही. एका चाचणीवर मी दमा पुसून टाकणार नाही. फुफ्फुसाची पूर्ण तपासणी करू, रोजचं औषध हळूहळू कमी करू आणि दर महिन्याला बघू. तुम्ही आपल्या मनानं काही बंद करू नका."

मग त्या मुलाची कॉलर मागून जरा खाली करतात. मानेवर मखमलीसारखा काळपट पट्टा आहे.

"हा मळ नाही जात," वडील ओशाळून सांगतात. "हिनं घासून घासून कातडी लाल केली त्याची."

"मळ नाहीये तो. घासायचं नाही." इन्सुलिन शरीरावर नीट चालेनासं झालं की असा पट्टा येतो. रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिली जाते. रात्री घोरतो का? घोरतो, आणि मधेच श्वास अडकतो, असं मुलगाच सांगतो; त्याला धाकट्या बहिणीनं सांगितलंय. ती आता आजीकडे झोपते. नाक-कान-घशाची दुसरी चिठ्ठी. मी बघतो आहे की या मुलाची फाइल दम्याची म्हणून आत आली होती आणि आता ती चार दारांवर जाणार आहे. आपल्याकडे हे क्वचित होतं. छातीचा डॉक्टर पंप लिहितो आणि जाता जाता 'वजन कमी करा' म्हणतो. वजनाच्या डॉक्टरकडे गेलं तर तो 'रोज पाऊण तास खेळ' लिहितो आणि मुलाला पळता येत नाही हे त्याच्या कागदावर नसतं. दोघंही बरोबर, आणि मूल बाकावर.

पलीकडच्या खोलीत स्पायरोमेट्रीचं मशीन कुरकुरतंय. तेरा वर्षांची एक मुलगी नाकाला चिमटा लावून फुंकतेय आणि तंत्रज्ञ "सोड सोड सोड, अजून सोड, अजून," असं एखाद्या कबड्डीच्या प्रशिक्षकासारखं ओरडतोय. तिचा आलेख विचित्र आहे. एकूण हवा अपेक्षेहून जास्त, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा ठीक, पण दोन्हींचं गुणोत्तर कमी. बाई तो आलेख माझ्यासमोर धरतात. लठ्ठ मुलांत फुफ्फुसं कधीकधी मोठी वाढतात, पण त्यांच्या नळ्या त्या मानानं वाढत नाहीत. एरिक फोर्नो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हे बऱ्याच मुलांच्या तपासण्या एकत्र करून दाखवलं. अशा मुलांना दमा असेल तर तो जास्त छळतो. आणि श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचा गुण जाड मुलांना कमी येतो, हेही दिसलंय. चरबी काही गप्प पडून राहणारी वस्तू नाही. लेप्टिनसारखी द्रव्यं ती रक्तात सोडते, शरीरभर मंद दाह पेटता ठेवते. या दाहावर नेहमीचा पंप पुरता चालत नाही. "म्हणून डोस वाढवत नेणारे डॉक्टर मला आवडत नाहीत," बाई म्हणतात आणि लगेच "हे छापू नका," म्हणतात, आणि मग "छापा," म्हणतात.

मुलगी चिमटा काढून नाक चोळते. "परत करू?" ती विचारते. तिला आकडे वाढवायचेत. तंत्रज्ञ खूश होतो.

अकरा वाजता आहारतज्ज्ञ येते. तिच्या टेबलावर मापं, वाट्या आणि रिकामी पाकिटं आहेत. मला वाटतं आता भाषण होणार, पण ती आधी ट्रॅकसूटच्या वडिलांना विचारते की व्हॅनमध्ये मुलं काय खातात.

"काय नाही खात? वेफर्स, कुरकुरं, ते रंगीत पाणी. माझी गाडी रोज टपरीसमोरच लागते, शाळेच्या गेटपासून वीस पावलांवर."

देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे: शाळेच्या आवारात आणि दरवाज्यापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेलं काही विकायचं नाही. वडिलांनी हे कधी ऐकलेलं नाही. टपरीवाल्यानंही ऐकलं नसावं. "मग व्हॅन पुढे लावतो मी," ते म्हणतात. "पन्नास मीटर पुढे." त्यांना एवढ्यात हातात घेता येण्यासारखं काहीतरी सापडलंय आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैलावतो. बारा पोरं आहेत गाडीत, एकट्या याच्यासाठी नाही, असंही ते पुढे जोडतात.

वजनाचं लक्ष्य किती, असं ते विचारतात. आहारतज्ज्ञ आकडा देत नाही. मूल वाढत्या उंचीचं आहे. वजन आहे तिथेच थोपवलं आणि उंची वाढत गेली तरी तक्त्यावरचा ठिपका आपोआप खाली सरकतो. उपाशी ठेवायचं नाही, भात बंद करायचा नाही. गोड पेय बंद, आणि संध्याकाळी एक तास अंगणात. मुलगा मधेच विचारतो, "हुरडा चालेल?" त्याच्या मामाच्या शेतावर हुरड्याचा बेत आहे. चालेल. त्याबरोबरची शेव मामाला खाऊ दे.

पिवळ्या स्वेटरच्या आईला शेवटी एक कागद हवाय. जूनमध्ये तिनं एका डॉक्टरकडून लिहून आणला होता: 'दम्यामुळे खेळाच्या तासातून सूट मिळावी.' तो शाळेत लागू आहे. खेळाच्या तासाला हा वर्गात बसतो. पुढच्या आठवड्यात स्पोर्ट्स डे आहे.

बाई शिक्क्याचं पॅड जवळ ओढतात आणि नवा कागद घेतात. "आधीची सूट रद्द. आता सर वाचतील असं लिहिते." त्या लिहीत जातात आणि मोठ्यानं वाचत जातात: सदर विद्यार्थ्यास दमा असून तो औषधोपचाराखाली आहे. त्याला खेळात सहभागी करून घ्यावे. खेळाआधी दहा-पंधरा मिनिटे निळा पंप स्पेसरमधून दोन वेळा घेऊ द्यावा. एकदम पळायला न लावता आधी अंग मोकळे करून घ्यावे. खोकला लागल्यास थांबवावे, पंप द्यावा, बरे वाटल्यावर पुन्हा खेळू द्यावे. पंप मुलाच्या दप्तरात राहील, कार्यालयाच्या कुलुपात नव्हे.

"सर म्हणतील जबाबदारी कुणाची," आई म्हणते.

"माझी. खाली नंबर लिहिलाय."

मुलगा टेबलाच्या कडेला येऊन उभा राहतो. कागदाकडे बघतो. त्याला काहीतरी म्हणायचंय. आजी त्याला मागे ओढते, तो हात सोडवून घेतो.

"त्यात लिहा ना, अंपायर करू नका म्हणून."

"म्हणजे?"

"मला नेहमी अंपायर करतात. नाही तर कीपर. कीपरला पळावं लागत नाही म्हणून."

बाई पेन थांबवतात. "मग तुला कुठे उभं राहायचंय?"

"पॉइंटला."

त्यांना क्रिकेट कळत नाही. त्या दाराशी उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरकडे बघतात, जो अजून सकाळच्या फेऱ्यांतून पुरता सावरलेला नाही. "पॉइंटला पळावं लागतं का रे?"

"भरपूर, मॅडम."

"ठीक आहे," म्हणत बाई आणखी एक ओळ लिहितात आणि शिक्का मारतात.